सासूबाईंच्या पानाचा रंग

सासूबाईंच्या ओठांचा खरा रंग कोणता, हे मला लग्नानंतर कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. माप ओलांडून या घरात आले तेव्हा मला ओवाळायला त्या तोंडात पान धरूनच उभ्या होत्या. "ये बापा," एवढंच म्हणाल्या. त्याहून जास्त बोलल्या असत्या तर पहिला शिंतोडा माझ्या शालूवर पडला असता, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तेव्हापासून त्यांचं तोंड मी लालच पाहिलं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून इथून पुढे मी आत्याबाईच म्हणते. सासूबाई म्हटलं की मी दुसऱ्याच कोणाच्या तरी सासूबद्दल बोलतेय असं मला वाटायला लागतं.

आमचं घर अमरावतीच्या जुन्या वस्तीत, रस्त्याला लागून. पुढची खोली म्हणजे फुलांचं दुकान. नवरा सकाळी बाजारातून शेवंती, गुलाब, गुलछडी घेऊन येतो. झेंडू मात्र माझ्या माहेरचा. माझा भाऊ बाळापूरकडे फुलं पिकवतो आणि सणासुदीला अकोल्याहून इकडे येणाऱ्या टेम्पोत पोती चढवून देतो. हार ओवायचं काम माझं आणि आत्याबाईंचं. आम्ही समोरासमोर बसतो, मध्ये फुलांचा ढीग असतो, हात चालू असतात आणि तोंडं मोकळी असतात. मग भांडायचं नाही तर काय करायचं? माझा राग नाकावरच असतो, ते मी नाकारत नाही. गिऱ्हाईक उभं असलं तरी आमचं थांबत नाही. आत्याबाई त्यालाच सांगतात, "अकोल्याची हाये हे. तिकडचं ऊन डोक्यात भरूनच आली." गिऱ्हाईक हसतं, हार घेतं आणि जातं. आमच्या भांडणामुळे धंदा कधी बुडाला नाही, उलट काही लोक मुद्दाम थांबून ऐकतात असा माझा संशय आहे.

भांडणाचा कायमचा विषय पान. मी पानाचा डबा वरच्या फळीवर ठेवून पाहिला, त्यांनी स्टूल आणलं. मी कात लपवून ठेवला, तो भिंतीपलीकडून आला. भिंतीपलीकडे चाची राहतात. त्यांच्या घरी लग्नाचे सेहरे आणि फुलांच्या चादरी करतात. म्हणजे धंदा सारखाच, फुलं सारखी आणि व्यसनही सारखंच. दुपारी जेवणं झाली की त्या भिंतीवरून एक हात यायचा, एक हात जायचा. कोणी कोणाला काय दिलं हे मला कधीच नीट दिसलं नाही, पण थोड्या वेळानं दोन्ही घरांत एकाच सुरात सुपारी कातरल्याचा आवाज यायचा.

एका बाबतीत मात्र आत्याबाई पक्क्या होत्या. गल्लीतल्या मंडळाच्या देवीचा नवरात्रातला अष्टमीचा हार त्या स्वतः ओवायच्या, मला त्याला हातही लावू द्यायच्या नाहीत. आणि त्या हाराला बसताना तोंडात पान चालायचं नाही. आधी पान थुंकायचं, मग मोरीवर जाऊन चूळ भरायची. चुळीचं पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा भरायची. किंचित लाल झाक दिसली तरी परत. मग हात धुऊन सुईत दोरा ओवायचा आणि हार पुरा होईपर्यंत डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. उष्ट्या तोंडानं देवीच्या फुलांना हात लावायचा नसतो, एवढंच त्याचं कारण.

मी एकदा टोमणा मारला होता, "देवीसाठी सोडता, तसं आमच्यासाठी सोडलं तर काय होईल?"

"देवी तुयासारखी कटकट करते का?" आत्याबाई म्हणाल्या. 

त्या वर्षी नवरात्र बसलं आणि आत्याबाईंना ताप आला. सकाळी त्या माझ्याशी गाठीवरून भांडल्या होत्या आणि दुपारी एकाएकी अशा फणफणल्या की हातातला हार तसाच टाकून आडव्या झाल्या. सर्दी नाही, शिंक नाही, खोकला नाही. नुसता ताप, आणि तोही एकदम चढलेला. डोकं धरून बसल्या होत्या. "डोये फिरवले का डोयाच्या मांगं कोनी खिये ठोकून राहिलं," म्हणत होत्या. "आन् हाडं तं अशी दुखून राहिली, खलबत्त्यात घालून कुटल्यासारखी." चेहरा लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी दंडावर बारीक लालसर पुरळ दिसलं.

गल्लीत त्या दिवसांत घरोघरी तापच होता. नवरा म्हणाला, "व्हायरल आहे, जाईल." मीही तेच म्हणत होते. ऊन-पावसाचे दिवस, असं होतंच. मग दुपारी चाची आल्या, नेहमीप्रमाणे पान लावून घेऊन. त्यांनी ते आत्याबाईंपुढे धरलं आणि आत्याबाईंनी तोंड फिरवलं.

"नको. कडू लागून राहिलं तोंड."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. थर्मामीटरनं मला जेवढं घाबरवलं नव्हतं तेवढं त्या नकारानं घाबरवलं. या बाईनं सासरे गेले तेव्हाही तिसऱ्या दिवशी पान मागितलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "रिक्षा आणा. हे साधं नाही."

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, शिकवणीच्या बाईसारखी एकेक गोष्ट बोट वर करून सांगणारी. रक्त तपासलं आणि डेंग्यू निघाला. आत्याबाईंना भरती करायची गरज अजून नव्हती. घरी ठेवा, म्हणाली, पण भरपूर पाणी, पेज, लिंबाचं सरबत, मीठ-साखरेचं पाणी, जे पातळ पोटात जाईल ते देत राहा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आत्याबाईंनी मध्येच विचारलं, "मायी गुडघ्याची गोयी घेऊ का? अंग लई दुखते." डॉक्टरीण खुर्चीत पुढे सरकली. "ती अजिबात नाही. दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्यांनी यात रक्त जायला लागतं." घरी आल्याबरोबर मी ती गोळ्यांची पट्टी माझ्या ब्लाउजांच्या खाली दडवली. लपवण्याचा सराव मला होताच.

निघताना डॉक्टरीण आणखी एक म्हणाली. "ताप उतरेल ना, त्या दिवशी खूश होऊन गाफील राहू नका. या आजारात ताप गेल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनाशा झाल्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, खूप गळून गेल्या किंवा उगाच तगमग करायला लागल्या, तर फोन करत बसू नका. सरळ घेऊन या."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. नवऱ्यानं तर इतकी डोलावली की मला वाटलं त्याला सगळं पाठ झालं. खरं सांगायचं तर आमच्या डोक्यात त्यातलं 'ताप उतरेल' एवढंच नीट बसलं. बाकीचं ऐकून घेतलं, पण ते दुसऱ्यांच्या घरी होणारं काहीतरी होतं.

मग उपाय सुरू झाले. डेंग्यू म्हटलं की अख्खी गल्ली डॉक्टर होते. कोणी बकरीचं दूध आणलं, कोणी किवी आणली, आणि पपईची पानं तर जो तो आणत होता. माझ्या भावानं झेंडूच्या पोत्यांबरोबर पपईच्या पानांचं एक अख्खं पोतं पाठवलं. टेम्पोवाल्यानं विचारलं, "ताई, आता याचेही हार करता का?" मी फोन करून डॉक्टरिणीला विचारलं. ती म्हणाली, "पाणी पाजा हो बाई, पाणी. त्या पानांच्या भरवशावर राहू नका." तरी चाचींच्या आग्रहाखातर एक घोट दिलाच. आत्याबाईंनी तो गिळला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे पिन्यापेक्षा डेंगू बरा."

मी मात्र दर थोड्या वेळानं वाटी घेऊन उभी राहायची. पेज प्या, सरबत प्या, पुन्हा पेज प्या. त्या म्हणायच्या, "पोट हाये का टाकी हाये?" आणि प्यायच्या. या सगळ्या दिवसांत पानाच्या डब्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला आतून जरा आनंदही झाला होता, लपवत नाही. जे मला कधी जमलं नाही ते एका डासानं करून दाखवलं, असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

अष्टमीच्या सकाळी ताप उतरला. कपाळ गार लागलं. आत्याबाई उठून बसल्या, चहा मागितला आणि विचारलं, "दोरा आनला का देवीच्या हाराचा?" घरात एकदम सण आल्यासारखं झालं. नवऱ्यानं दुकान उघडताना शीळ घातली. ताप गेला की कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवायचं आणि न्हाऊ घालायचं, ही आमची पद्धत. मी तसं न्हाऊ घातलं, केस पुसून दिले, धुतलेलं लुगडं नेसवलं. त्या म्हणाल्या, "अष्टमीचा हार मीच ओवीन." मी म्हटलं, ओवा. मला वाटलं, हार ओवायची इच्छा झाली म्हणजे माणूस बरं झालं.

दोनदा त्यांना उलटी झाली होती सकाळपासून. ती पपईच्या माथी मारली. पोटात दुखतं म्हणत होत्या. ते भगरीच्या माथी मारलं, कारण अष्टमीचा उपवास काही त्यांनी सोडला नव्हता. बसल्या जागी सारख्या या कुशीवरून त्या कुशीवर होत होत्या. ते इतके दिवस अंथरुणाला खिळल्याच्या माथी मारलं. प्रत्येक गोष्टीला आमच्याजवळ एक कारण तयार होतं.

फुलं निवडून मी ढीग लावला, सुई ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई मोरीवर गेल्या. चूळ भरल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग पुन्हा. मी चुलीवर साबुदाणा परतत होते. परतून झाला तरी चूळ चालूच.

"आत्याबाई, देवी वाट पाहून राहिली," मी आतूनच म्हटलं.

"पानी साफच येऊन नाही राहिलं वो," त्या म्हणाल्या.

मी जाऊन पाहिलं. मोरीत लाल पाणी होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढे दिवस मी वाट्या घेऊन नाचतेय आणि ताप उतरला नाही तोच यांनी चोरून पान खाल्लं! मी तिथेच सुरू झाले. "आत्ता कुठं ताप उतरला ना तुमचा? जरा दम निघत नाही का? काहून असं करता?"

"म्या नाही खाल्लं."

"मंग हे काय कुंकू हाये?"

मी भिंतीजवळ जाऊन चाचींना हाक मारली. पान दुसरं कुठून येणार? त्या ओल्या हातांनी धावत आल्या. मी त्यांच्यावरही तोंड टाकलं. त्या बिचाऱ्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अल्ला की कसम, बुखार आया तबसे मैंने एक पान नहीं दिया. पूछ लो इनको."

मी खोट्याला पुरावाच दाखवते म्हणून फळीवरचा डबा काढला आणि उघडला. आत फडक्यात गुंडाळलेली पानं होती. आत्याबाई ते फडकं रोज ओलं करत, पण या दिवसांत कोणी केलंच नव्हतं. फडकं कडक झालं होतं. पानं पिवळी पडून वाळली होती, हात लावला तर मोडत होती. चुन्याला भेगा गेल्या होत्या. डब्यातलं काहीच हललं नव्हतं.

 आत्याबाईंनी डब्यात पाहिलं, मग मोरीत पाहिलं आणि हळूच विचारलं, "मंग हे लाल कायचं हाये?"

त्या क्षणी मला डॉक्टरिणीचं वर केलेलं बोट दिसलं. सगळीच्या सगळी बोटं दिसली. मी मोबाइलचा दिवा लावला आणि म्हटलं, "आ करा." त्यांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं. हिरड्यांच्या कडेकडेनं रक्त होतं. इतकी वर्षं ते तोंड लालच पाहिलेलं, दुसऱ्या कोणाचं असतं तर पहिल्या चुळीलाच घर हादरलं असतं. मी त्यांचा हात धरला. तो गार होता आणि ओलसर. मग पोटाचं दुखणं, उलट्या, तगमग, ज्याला आम्ही कारणं शोधत बसलो होतो ते सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.  माझ्या सासूचा जीव धोक्यात होता आणि मी तिला पानावरून रागावत होते.

नवऱ्याला हाक मारली. तो दुकान तसंच टाकून रिक्षा आणायला पळाला. आणि आत्याबाई बसल्या ढिगाजवळ.

"हार ओवल्याशिवाय मी नाही येत. अष्टमी हाये आज."

"आत्याबाई, उठा."

"इतक्या वर्षांत एकदा चुकला का? अर्धा तास लागते."

बोलताना त्यांचा हात फुलांपर्यंत पोहोचत नव्हता, ढिगाच्या अलीकडेच पडत होता. मला रडू येत होतं आणि मला रडू आलं की मी जास्त जोरात बोलते. "हार चुकला तं देवी काही म्हननार नाही," मी म्हटलं. "तुमाले काही झालं तं मीच देवीशी भांडीन, जन्मभर. मंग बघा तिले झेपते का."

त्यांनी वर पाहिलं. थोडं हसू आलं त्यांना, मी पाहिलं. चाची पुढे आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, मैं ओवती. तुमी जाओ." आणि सांगायच्या आत मोरीवर जाऊन चूळ भरायला लागल्या, कारण त्यांच्या तोंडात होतं पान.

रिक्षात चढवताना आत्याबाई मागे वळून म्हणाल्या, "पानी साफ येऊ दे हो चाची." एवढंच सांगितलं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. ही बाई कोणावर टेकत नसे. रस्ताभर मी त्यांचा गार हात दोन्ही हातांत धरून बसले होते आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, की ही नसेल तर मी भांडू कोणाशी.

दवाखान्यात लगेच भरती केलं, सलाइन लावलं, रक्त काढलं. प्लेटलेट बऱ्याच खाली गेल्या होत्या. पण डॉक्टरिणीला त्यापेक्षा दुसरी काळजी होती. ती म्हणाली, या आजारात नसांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब खाली येतो, आणि ताप नसल्यामुळे घरच्यांना वाटतं माणूस सुधारलंय. त्या संध्याकाळी दाब एकदा पडलाही. सिस्टर लोकांची धावपळ झाली, आम्हाला बाहेर काढलं. मी बाहेरच्या बाकावर बसून देवीला बरंच काही बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

दाब सावरल्यावर डॉक्टरीण बाहेर आली. "वेळेत आणलंत. हिरड्यांचं कोणाच्या लक्षात आलं?" तिनं विचारलं.

"चुळीवरून कळलं," नवरा म्हणाला.

"म्हणजे?"

"देवीच्या हाराआधी पाणी साफ यावं लागते ना, ते येत नव्हतं."  डॉक्टरिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नंतर सांगते, लांबची गोष्ट आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तर वॉर्डाच्या दारातूनच ओळखीचा आवाज आला. आत्याबाई सिस्टरशी भांडत होत्या. त्यांची लघवी मापाच्या भांड्यात मोजत होते, ते त्यांना पटलं नव्हतं. "मोजून कोनाले दाखवता? काही लाज हाये का नाही?" माझा जीव भांड्यात पडला. मी दारातच उभी राहून पुरतं भांडण ऐकून घेतलं. कित्येक दिवसांत इतकं छान काही ऐकलं नव्हतं.

तिथेच मी पहिल्यांदा त्यांचे ओठ पाहिले. पानाचा रंग उतरून गेला होता. फिक्कट गुलाबी, कडेला जरा तपकिरी, साधे ओठ. बाई एकदम दुसरीच दिसत होती, जराशी माझ्या आईसारखी. मला ते आवडलं नाही. मला माझी लाल तोंडाची सासू परत हवी होती.

चाचींनी हार पुरा करून देवीला पोहोचवला होता आणि फोनवर फोटो पाठवला होता. आत्याबाईंनी तो बोटांनी मोठा करून करून पाहिला. "मधात गुलाब जरा विरय, दूर दूर पडला," म्हणाल्या. मग फोन बाजूला ठेवून, "पन हात साफ हाये तिचा." आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. मी माझ्यासाठी ती आजतागायत ऐकलेली नाही.

आत्याबाई दवाखान्यात असताना मी घरी डासाचा सूड उगवला. कूलर कोरडा होता, पिंपावर झाकण होतं, छतावर काही नव्हतं. मग शेवटी दुकानातल्या बादल्या पाहिल्या. गुलछडीच्या आणि गुलाबाच्या दांड्या आम्ही पाण्यात उभ्या ठेवतो. पाणी ताजं राहावं म्हणून रोज वरून तांब्याभर घालायचं, ही आमची रीत. बादली पुरती रिकामी कोणीच कधी केली नव्हती. मी एक बादली अंगणात ओतली तर वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या. फुलं विकणाऱ्यांनी घरीच डास पिकवले होते. तेव्हापासून दर शनिवारी सगळ्या बादल्या ओतून, काथ्यानं घासून, उन्हात उपड्या घालतो. आत्याबाई खाटेवर बसून देखरेख करतात आणि मी घासलेली बादली कधीच पास होत नाही.

घरी आल्यावर काही दिवस पान बंद होतं. हिरड्या बऱ्या झाल्यावर एका दुपारी त्या फळीकडे पाहत बसल्या होत्या. मागत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या. मीच उठले, बाजारातून ताजी पानं आणली आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातानं पान लावून दिलं. त्यांनी तोंडात धरलं, चावलं, डोळे मिटले. "कात जास्त झाला," म्हणाल्या. पण संपवलं. माझी एकच अट होती. सकाळी पहिल्या पानाआधी चूळ भरायची आणि पाणी मला दाखवायचं. कुरकुरत का होईना, त्यांनी मान्य केलं. आता चाचीही भिंतीपलीकडून ओरडून सांगतात, "साफ है, साफ है!" त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात मी माहेरी जाऊन आले. भाऊ आता अकोल्यात राहायला गेला होता, तिकडे नळाला पाणी रोज नाही, घरोघरी पिंपं भरून ठेवलेली. परत आले आणि मलाच ताप चढला. तोच एकदम चढणारा, तेच डोळ्यांच्या मागचे खिळे. आत्याबाई म्हणाल्या, "माहेराहून सुना साडी आनतात. आमची डेंगू घेऊन आली." आणि स्वतः वाटी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पेज पी, सरबत पी, पुन्हा पेज पी. मी म्हटलं पोट आहे का टाकी आहे, तर म्हणाल्या, "टाकीच हाये, पी."

एके सकाळी माझा ताप उतरला. अंग हलकं झालं. लग्नसराई नव्हती, पण बादल्या घासायच्या होत्या, दुकान झाडायचं होतं. मी पाय खाली सोडले तर आत्याबाईंनी खांद्याला धरून परत निजवलं.

"ताप गेला न आता," मी म्हटलं.

"गेला म्हनूनच बसली मी. आ कर."

दिवसभर त्या खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसून होत्या. थोड्या थोड्या वेळानं आ कर, पोट दुखते का, हात दे इकडे. माझा हात हातात घ्यायच्या, गार आहे का पाहायच्या आणि सोडायला विसरायच्या. मी झोपत होते, उठत होते, त्या तिथेच. दुपार कलली तेव्हा मला जाणवलं की आज घरात सुपारी कातरल्याचा आवाज आलेला नाही. मी नीट पाहिलं. ओठ फिक्कट होते, दवाखान्यात पाहिले होते तसे. डबा फळीवर बंद होता.

"आत्याबाई, पान नाही खाल्लं आज?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही. "हार पुरा होयेपर्यंत मी खाते का कधी?" म्हणाल्या.

त्या दिवशी दुकान बंद होतं. फुलं आणलीच नव्हती आणि सुई भिंतीवरच्या दोऱ्याच्या रिळात टोचलेली होती. त्यांच्या हातात फक्त माझा हात होता.